नदीच्या पात्रातला मांडव

त्या उन्हाळ्यात मनकर्णाच्या नळावर तिचा स्वतःचा नंबर सगळ्यांत शेवटी लागायचा, आणि ही गोष्ट तिला अजिबात सहन होत नव्हती.

नळ काही फुकटात मिळालेला नव्हता. तिचा नवरा भैयालाल आमगावकडची शेती भावांवर सोडून भिलाईला आला तेव्हा इथं मुरूम, तंबू आणि रात्रंदिवस घरघरणाऱ्या यंत्रांशिवाय काही नव्हतं. मनकर्णा त्याच्यामागून आली आणि पहिली कित्येक वर्षं तिनं ठेकेदाराच्या टिनाच्या चाळीत काढली. तिथं पाणी टँकरनं यायचं आणि टँकरमागं बायका पदर खोचून धावायच्या. पुढं पोलादाचा कारखाना उभा राहिला, भैयालाल कोक ओव्हनच्या भट्टीवर कायम झाला आणि सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं. भिंतीतून निघालेला पितळी नळ पाहून मनकर्णानं त्याला हळदकुंकू वाहिलं. भैयालाल हसला होता. हसू दे म्हणाली ती. टँकरमागं त्याला कुठं धावावं लागलं होतं!

मग एका वर्षी पावसानं दगा दिला. शिवनाथ नदी दुर्गच्या अंगावरून वाहते आणि अख्खं दुर्ग तिच्या जिवावर जगतं. ती होळीला गुडघ्यापर्यंत आली आणि अक्षय तृतीयेला तिच्या पात्रात नुसती वाळू उरली. भिलाईला कालव्याचं पाणी साठवलेलं होतं म्हणून नळ चालू होते. तेही सकाळी घटकाभर, धार करंगळीएवढी.

दुर्गला रेल्वेच्या क्वार्टरांत भैयालालची थोरली बहीण रंभा राहायची. तिचा नवरा शेषराव पॉइंट्समन, मुलगी रमा लग्नाची. पहिल्यांदा रंभा एकटी आली, धुण्याचं एक गाठोडं घेऊन. मनकर्णानं चहा केला, नदीची चौकशी केली, हळहळली. दुसऱ्या खेपेला गाठोडी दोन होती. दुसरं शेजारच्या भागाबाईचं.

"आजारी हाये बिचारी," रंभा म्हणाली.

तिसऱ्या खेपेला भागाबाई स्वतःच आली. आजारी दिसत नव्हती. मग शेषराव ड्यूटी सुटली की अंघोळीला येऊ लागले. त्यांच्याबरोबर एक गृहस्थ आला, यथासांग अंघोळ करून, भांग पाडून, भैयालालचा टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेला. तो कोण होता हे शेषरावांनाही सांगता आलं नाही. त्यांना वाटलं होतं तो भैयालालचा मित्र.

मनकर्णाची सासू ठकूबाई दारातल्या बाजेवर बसून सगळ्यांचं स्वागत करायची. "नदी आटली तं लोकं कुठं जातीन, बाई? या, या. पानी काय घरी नेऊन ठेवाचं हाये का?"

"घरीच तं आनाचं हाये, आत्याबाई!" मनकर्णा आतून ओरडायची. "माह्या घरी! सकाळपासून सैपाकाले गुंडभर पानी नाई भेटलं मले!"

ते कोणी ऐकायचं नाही. समोरच्या क्वार्टरातली वसुंधरा मात्र ऐकायची. तिच्या नळाची धार मनकर्णाच्या नळामुळं बारीक होते असं तिचं ठाम मत होतं आणि ते ती रोज रस्त्यात उभी राहून मांडायची. "तुमच्याकडं रोज लग्न असतं का हो?" ती विचारायची.

आणि एक दिवस खरंच लग्न निघालं.

"रमाचं लगन आपल्या इथं करू म्हनतो," भैयालाल भात कालवता कालवता म्हणाला. शिफ्ट बदलल्याचं सांगावं तितक्या सहज.

"आपल्या इथं म्हंजे?"

"इथं. क्वार्टरात. दारासमोर मांडव टाकू. दुर्गले पानी नाई तं रंभाबाई वऱ्हाड कुठं उतरवन?"

"किती मानसं?"

"लय नाईत. दीड-दोनशे."

मनकर्णानं हातातला डाव भातात उभा खुपसला. "अजी, सकाळी नळ किती वेळ येते हे तुमाले मालूम तरी हाये का? तुमी बूट घालाले बसता तवा येते आन् तुमच्या नाड्या बांधून होईपर्यंत जाते."

"ड्रम भरून ठेवू."

"कोनता ड्रम? एक ड्रम हाये घरात. त्यात तुमच्या बहिनीच्या सतरंज्या भिजून राहिल्या."

"मामा हावो मी रमाचा. नाई कसं म्हनू?"

"तोंडानं म्हना!"

भैयालालला तोंडानं नाही म्हणता येत नसे, हाच तर सगळा प्रश्न होता. कोक ओव्हनच्या धगीत दिवसभर उभा राहणारा हा माणूस बहिणीच्या एका शब्दानं पातळ व्हायचा. शिवाय लग्न पुढं ढकलण्यासारखं नव्हतं. मुलाचे वडील कृष्णराव रेल्वेत गार्ड, राजनांदगावला राहायचे. लग्न ज्येष्ठात झालं पाहिजे, नाहीतर आम्ही दुसरी मुलगी पाहू, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. रमासारखी मुलगी आणि इतकं चांगलं स्थळ, हे मनकर्णालाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच ती जास्त चिडत होती.

दुसऱ्या दिवशी नळ सुटला तेव्हा रंभा हजर होती. लग्नात नेसायची पातळं धुवायला आणली होती, सोबत भागाबाई होती. धुता धुता रंभानं मोरीकडून स्वयंपाकघरात नजर टाकली.

"आता लगनघर इथंच हाये तं मनकर्णा, तो कोनाड्याखालचा कोपरा रिकामा कर. पिंपं तिथंच ठेवाव लागतीन. आन् त्या समोरच्या बाईले सांगून दे, त्या दिवशी तिचा नळ बंद ठेवजो म्हना."

समोरच्या बाईनं ते ऐकलं. ती रस्त्यात आली. तिनं काय म्हणायचं ते म्हटलं, आणि ते रंभाला न म्हणता मनकर्णाला म्हटलं. मनकर्णानं मान खाली घालून ऐकून घेतलं, आत आली, आणि तिच्यात उन्हाळाभर साठलेलं सगळं एकदम बाहेर पडलं.

"रंभाबाई, नदी तुमची आटली. मी कावून आटू?"

मोरीत एकदम शांतता झाली. नळाची धारही त्याच क्षणी गेली, त्यामुळं ती शांतता फारच मोठी वाटली. भागाबाईनं हातातला साबण खाली ठेवला. रंभानं फेसानं भरलेली पातळं तशीच पिळली, गाठोडं बांधलं आणि उठली.

"तुहा नळ तुले लखलाभ, मनकर्णा."

ती गेली. गाठोड्यातून साबणाचं पाणी ठिबकत राहिलं, पार रस्त्याच्या वळणापर्यंत.

त्यानंतर मनकर्णाचा नळ पूर्ण तिचा झाला. ड्रम काठोकाठ भरायचा. वसुंधरा हसून बोलू लागली. पण घरात कोणी बोलेना. ठकूबाईला काही हवं असलं की ती भिंतीला सांगायची. "भिंतीबाई, जरा पानी दे. असंन तं दे, आटलं असंन तं राहू दे." भैयालाल भाजीत मीठ आहे की नाही हेही बोलायचा नाही. मनकर्णा मनसोक्त अंघोळ करायची आणि अंघोळ झाल्यासारखं वाटायचं नाही. याचीही तिला चीड यायची. बोलली तर बोलली. एवढं काय आभाळ कोसळलं? इतके दिवस सगळ्यांचं धुणं निघालं त्याचं कोणी नाव काढत नव्हतं, आणि एक वाक्य तेवढं सगळ्यांनी उचलून धरलं होतं.

रंभा आली नाही. शेषराव आले नाहीत. रमा, जी मामीकडं आल्याशिवाय राहायची नाही, तीही आली नाही. शेवटी एका सकाळी मनकर्णानं पाण्याचे दोन गुंड, पितळी हंडे, भरले, त्यांच्या तोंडाला फडकी बांधली आणि दुर्गची बस धरली.

"सामान का टिकट लगेगा," कंडक्टर म्हणाला.

"पानी है, सामान नहीं है."

"आजकल पानीच सामान है, बाई."

बसमधली सगळी माणसं तिच्या गुंडांकडं बघत होती. एका म्हाताऱ्यानं घोटभर मागितलं. त्याला दिलं, तर त्याच्या शेजारच्याला तहान लागली. त्याला दिलं तर पुढच्या बाईच्या कडेवरचं मूल रडायला लागलं. एक खड्डा आला, गुंड कलंडला, मनकर्णाचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. "अरे, पाहून चालव ना बे!" ती ड्रायव्हरवर ओरडली. दुर्गला उतरली तेव्हा एक गुंड रिकामा होता आणि दुसरा निम्मा.

रंभाच्या दाराला कुलूप होतं. भागाबाई ओट्यावर धान्य निवडत होती, तिनं मान वर न करता सांगितलं, "नदीवर गेली. पहाटपासून तिथंच राहते."

मनकर्णा गुंड डोक्यावर घेऊन नदीच्या वाटेला लागली.

तिनं शिवनाथ पाहिली होती ती कार्तिकातल्या जत्रेत, दोन वर्षांमागं. तेव्हा पाणी पुलाच्या खांबांना घासून चाललं होतं, नावा माणसांनी भरलेल्या, दिवे सोडलेले. आता काठावर येऊन ती उभी राहिली आणि तिला क्षणभर वाट चुकल्यासारखं वाटलं. पलीकडच्या काठापर्यंत नुसती वाळू. रेल्वेच्या पुलाचे खांब बुडापर्यंत उघडे पडलेले. एक नाव वाळूत कलती पडली होती आणि तिच्या सावलीत कुत्रं झोपलं होतं. नदीतून बैलगाड्या आरपार जात होत्या, रस्ता असल्यासारख्या. आणि जिकडं तिकडं वाळूत खड्डे, प्रत्येक खड्ड्याशी बाया बसलेल्या, वाटीनं, करवंटीनं, हातानं पाणी उपसणाऱ्या. इतक्या माणसांत आवाज कसला तो नव्हता. मनकर्णाला संताप आला. कोणावर तरी ओरडावं असं तिला फार वाटलं, पण तिथं ओरडण्याजोगं कोणी नव्हतं.

रंभा एका खड्ड्यात उकिडवी बसली होती. तळाशी वाटीभर गढूळ पाणी झिरपलं होतं. ते तिनं अलगद काढलं, फडक्यातून गाळून गुंडात ओतलं आणि पुन्हा झिरपण्याची वाट बघत बसली. उन्हानं तिचं तोंड काळं पडलं होतं. मनकर्णाची सावली पडली तसं तिनं वर पाहिलं.

"कावून आली?"

"पानी घेऊन आली."

"नदीवर पानी घेऊन आली?"

मनकर्णानं निम्मा गुंड खाली ठेवला आणि खड्ड्याच्या कडेला बसली. कडा तिच्या वजनानं ढासळली, वाळू आत पडली आणि झिरपलेलं पाणी बुजलं.

"पाह्य!" रंभा म्हणाली. "दीड घटका बसली होती मी त्याच्यासाठी!"

"मले काय मालूम हे असं असते!"

"तुले काय मालूम राहीन! तुले वाटलं, रंभाबाई मौजेनं बसमंदी गाठोडे घेऊन येऊन राहिली. पयल्या दिवशी बस-स्टँडवरून दोनदा मांगं फिरली मी. भावाच्या घरी मळके कपडे घेऊन जावाची लाज नाई वाटत का मानसाले?"

"मंग तसं सांगाव ना!"

"कोनाले सांगू? तू तोंड फुगवून उभी राहे. मी मनात म्हनो, हिच्याशी बोलली तं भांडन होईन, त्यापेक्षा गुमान कपडे धुऊ आन् जाऊ."

मनकर्णानं रंभाच्या हातातली वाटी घेतली आणि बुजलेली वाळू बाहेर काढायला लागली. बऱ्याच वेळानं विचारलं, "लगनाचं काय केलं?"

"इथून भरून नेऊ. आतापासून रोज वाटी-वाटीनं साठवू, क्वार्टरात नेऊन ठेवू. हे म्हनतात यंदा राहू दे. पन कृष्णराव थांबनार नाईत."

"दोनशे मानसाचं पानी? वाटीनं?" मनकर्णानं वाटी वाळूवर आपटली. "वाटीनं भरान, डोक्यावर वाहान, अर्धं सांडान, उरलेल्यात किडे होतीन! त्यापेक्षा तुमचा मांडवच आना ना इथं!"

बोलून ती पुन्हा वाळू उपसू लागली. रंभा मात्र थांबली. तिनं पात्रभर नजर फिरवली. या काठापासून त्या काठापर्यंत.

"रागानं बोलली मी, रंभाबाई."

"जागा तं लय हाये," रंभा म्हणाली.

पुरुषांना पटवायला दोघींना वाटीनं पाणी उपसण्याइतकाच वेळ लागला. शेषराव स्वभावानं घाबरट. "आन् नदी आली तं?" ते म्हणाले.

"आली तं बरंच होईन, भाऊजी!" मनकर्णा म्हणाली. "सारं दुर्ग तिच्यासाठीच तं डोळे लावून बसलं हाये!"

कृष्णराव स्वतः भिलाईला आले. उंच, ताठ माणूस. घरातही गार्डाच्या डब्यात उभे असल्यासारखे उभे राहायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नदीच्या वाळूत मानसं जाळतात, बाई. लगनं नाई लावत."

ठकूबाईनं देवाकडं पाहिलं. मनकर्णाला मात्र आता सगळ्यांचाच कंटाळा आला होता. "मंग तुमी सांगा कुठं लावू. तुमच्या नांदगावले हाये का पानी? तिथं न्या वऱ्हाड, आमी येतो."

नांदगावची तहानही हीच नदी भागवायची. कृष्णरावांनी टोपी डोक्यावर ठेवली. "उन्हं चढाच्या आत लागलं पाह्यजे," एवढं म्हणून ते निघून गेले.

लग्नाच्या आदल्या दिवशी भैयालाल कोक ओव्हनमधले चार मित्र घेऊन पात्रात उतरला. मनकर्णानं रंभाच्या खड्ड्यापासून थोडी वर, ओलसर दिसणारी जागा दाखवली. फावडं पडतं न पडतं तोच एक बाई खुरपं घेऊन धावत आली. पंचफुला तिचं नाव, जातीनं केवटीन, म्हणजे नावाड्यांतली. नदी उतरली की दरवर्षी पात्रात टरबुजं आणि काकड्या लावायची. तिच्या वेलांचे वाफे शेजारीच होते. निम्मे वेल पिवळे पडलेले.

"एती झन खन!" ती ओरडली. इथं खणू नका. "चारों खुँट खन डारिन, मोर बारी के पानी सिरा गे!"

चारी बाजूंनी लोकांनी खड्डे खणले आणि तिच्या वेलांखालचं पाणी ओढून नेलं, असं ती सांगत होती. भैयालालनं समजूत घातली: लगन आहे, एका दिवसाचा प्रश्न आहे, तुम्हीही जेवायला या. पंचफुला ऐकेना. ती खणलेल्या जागेवर बसलीच. तिच्या आवाजाला जी धार होती ती मनकर्णाच्या ओळखीची होती. उन्हाळाभर ती तिच्याच आवाजाला होती. त्यामुळं तिला त्या बाईचा जास्तच राग आला.

"तुमको चाहिए क्या, वो बोलो!" ती म्हणाली.

"पहिली मोर बारी ला पानी. तेकर बाद तुँहर बिहाव."

"वऱ्हाडाले प्यायले पानी नाई आन् तुह्या टरबुजाले देऊ?"

"हव." पंचफुला म्हणाली. हो.

मनकर्णानं कपाळावर हात मारला आणि कबूल केलं.

मग खणणं सुरू झालं. वाळू उपसावी तितकी ढासळायची. भैयालाल कमरेपर्यंत खड्ड्यात गेला आणि कड कोसळून तिथंच गाडला गेला. मित्रांनी हसत हसत त्याला ओढून काढलं. कडा धरून ठेवायला बिनबुडाचं पिंप लागणार म्हणून तो मोठ्या अभिमानानं एक पिंप गाडीवर घालून घेऊन आला. मनकर्णानं जवळ जाऊन वास घेतला.

"हे कशाचं पिंप हाये?"

"डांबराचं. रस्त्याचं काम चालू हाये ना, तिथून..."

"डांबराचं पानी पाजता का वऱ्हाड्यांले?"

पिंप हात धुण्याच्या खड्ड्याला लागलं. पिण्याच्या खड्ड्याला बांबूचे तट्टे आणि बुडं काढलेल्या जुन्या टोपल्या एकावर एक बसवल्या. संध्याकाळपर्यंत टोपल्यांच्या आत पाणी चढलं; थंड, निवळ, पंजाभर खोल. काढलं की पुन्हा चढायचं. रमा वाकून बघत होती. मनकर्णानं पहिली ओंजळ तिला दिली. मग स्वतः प्यायली, आणि तिथंच वाळूत बसून तिला रडायला आलं. पण भैयालाल मांडव कुठं घालतोय हे दिसलं आणि ते रडणं राहून गेलं, कारण तो नेमका गाडीवाटेवर घालत होता.

"अजी, तिकडून गाड्या येते!"

"लगनाच्या दिवशी कोन येते?"

सगळे आले. पहाटे वरात पॅसेंजरनं नदीपलीकडच्या रसमडा स्टेशनावर उतरली आणि शेतांमधून, मग नदीतून चालत मांडवाकडं आली. बेंडबाजावाल्यांचे पाय वाळूत रुतत होते, त्यामुळं बाजा अडखळत वाजत होता. वरातीच्या मागोमाग लाकडांच्या तीन गाड्या होत्या, आणि त्यांना पलीकडं जायचं होतं. गाडीवान म्हणाला, ही वाट आहे. शेषराव म्हणाले, हा मांडव आहे. गाडीवान म्हणाला, ते दिसतंय. शेवटी दोन खांब काढून गाड्या नवरदेवाच्या पाटासमोरून पार केल्या. बैलांनी जाता जाता आंब्याची डहाळी खाल्ली.

पंचफुला तिच्या वाफ्यांपाशी हात बांधून उभी होती. वरातीला घाटासारखं काही नव्हतं, पाय धुवायला सगळे खड्ड्याकडं वळले. मनकर्णा आडवी झाली. तिनं तांब्या भरून कृष्णरावांच्या हातात दिला.

"पयले वेलाले घाला. मंग पाय धुवा."

"हा कोनता रिवाज?" कृष्णरावांनी विचारलं.

"इकडला हाये," मनकर्णा ठामपणे म्हणाली. असा रिवाज कुठंच नव्हता. "नदीत लगन असलं म्हंजे पयलं पानी नदीच्या पिकाले."

कृष्णरावांनी तिच्याकडं पाहिलं, वेलाकडं पाहिलं, पगडी सावरली आणि वाकून तांब्या वेलाच्या बुडाशी रिकामा केला. ते बघून प्रत्येक वऱ्हाड्यानं तेच केलं, हात जोडून. एका म्हाताऱ्यानं तर वेलाला अक्षता वाहिल्या. पंचफुलानं हात सोडले, आणि ज्या वाफ्याला पाणी पोचलं नव्हतं तिकडं बोट दाखवून लोकांना रांगेत लावू लागली.

मंगलाष्टकं लागली आणि वारा सुटला. अंतरपाट शेषरावांच्या हातून सुटून पुलाच्या दिशेनं उडाला. बेंडबाजातला एकजण त्याच्यामागं धावला. भटजींनी डोळे मिटून पुढचं म्हटलं. भात वाढला तेव्हा भातावर वाळू, वरणात वाळू, बुंदीत वाळू. पंगतभर दातांखाली कचकच ऐकू येत होती आणि कोणी काही बोलत नव्हतं. कृष्णरावांनी घास थांबवला.

"भातात वाळू हाये, बाई."

मनकर्णा वाढता वाढता थांबली. पहाटेपासून ती उभी होती. तिच्या केसांत, कानांत, बांगड्यांच्या आत वाळू होती. "भातात वाळू नाई," ती म्हणाली, "वाळूत भात हाये. दुसरं काही असतं तं तेच वाढलं असतं."

कृष्णरावांनी पुढचा घास घेतला. ते हसले नाहीत, रुसलेही नाहीत. पान मात्र पूर्ण संपवलं आणि वर दोनदा पाणी मागितलं.

उन्हं चढली तशी वरात रमाला घेऊन रसमड्याच्या बाजूला निघाली. रमा प्रत्येकाच्या गळ्यात पडून रडली. रंभा वाळूत बसून राहिली. मनकर्णाला तिच्याशी काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण तेवढ्यात ठकूबाईनं हाक मारली, तिची चप्पल वाळूत गेली होती. ती शोधून परत येईपर्यंत दुपार झाली होती आणि रंभा भांडी घासायला लागली होती. कोरड्या वाळूनं, पाण्याचा थेंब न लावता. मनकर्णाही शेजारी बसली. दोघींनी मिळून मोठं पातेलं घासलं.

"उद्या या तिकडं," मनकर्णा म्हणाली. "पातळं धुवून घेजा. पन भागाबाईले आनू नका."

"ते येईनच," रंभा म्हणाली.

"येईन तं येऊ दे मंग."

भैयालाल मांडवाचे बांबू गाडीवर चढवत होता आणि मित्रांना सांगत होता, जागेची कल्पना मुळात त्याची कशी होती ते. बसची वेळ झाली होती. मनकर्णानं पदर झटकला, उठली, आणि खड्ड्याकडं पाहून जागच्या जागी उभी राहिली.

खड्ड्याशी गर्दी झाली होती. रेल्वेच्या क्वार्टरांतल्या बाया, बाजारातल्या हमाली करणाऱ्या बाया, काठावरच्या गावातली माणसं. लग्नासाठी खणलेल्या खड्ड्याला चांगलं पाणी आहे ही बातमी दुर्गभर पोचली होती. टोपल्यांच्या कडा धरून चारजणी एकाच वेळी वाकल्या होत्या, आणि वरची टोपली कलंडायला लागली होती. पंचफुला एकटी त्यांना मागं ढकलत होती.

"मनकर्णा, बस जाते!" भैयालाल ओरडला.

"जाऊ द्या!" ती ओरडली आणि वाळू तुडवत खड्ड्याकडं धावली. "अवं, मांगं हटा! टोपली पाडता का? इकडून एक लाइन लावा. एक गुंड, मंग दुसरीचा नंबर. आन् तू, हिरव्या लुगड्यावाली, तुले सांगून राहिली मी. पयले एक तांब्या त्या वेलाले घाल!"